जुना ठिबक कंट्रोलर कोरा कसा करावा?



गेल्या हंगामात आमच्या गटातील एका सभासदाने जुना ठिबक कंट्रोलर विकत घेतला. आत पहिल्या मालकाचे वेळापत्रक आणि मोबाईल नंबर तसेच! नव्या मालकाच्या मेसेजला पेटी जुमानेना. रात्री २ वाजता मात्र आपोआप व्हॉल्व्ह उघडी. आडसाली लागणीत पाणी साचले. पासवर्ड कोणालाच आठवेना. शेवटी पेटी पिशवीत घालून मी अंधेरीला एमआयडीसीत गेलो. (इलेक्ट्रॉनिक्स मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ १९७३ साली इथेच निघाले.) तिथल्या कारागिराने दाखवले ते सांगतो.

रिसेटचे बटण दाबले की चिप फक्त पुन्हा सुरू होते, पुसले काहीच जात नाही. ऊस तोडला तरी बुडखा राहतो नि खोडवा फुटतो, तसलाच प्रकार. खोडकी काढायची तर नांगरच घातला पाहिजे.

चिपची स्मृती फ्लॅश प्रकारची. तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली. तीत विजेचा भार अडकवून १ चा ० करतात. उलट करायचे तर एकेक सरी नाही, अख्खा वाफा एकदम पुसावा लागतो.

आमची चिप एसटीएम३२ एफ४ जातीची, कुलूपबंद. कारागिराने आधी पंप व व्हॉल्व्हच्या तारा सोडल्या. मग चिपच्या डिबग जोडणीला ग्राउंड, डेटा, क्लॉक आणि रिसेट अशा तारा लावून संगणकावरून कुलूप पहिल्या पातळीवरून शून्यावर आणायचा हुकूम दिला. गंमत अशी की कुलूप निघण्याआधी चिप स्वतःच आपली सगळी फ्लॅश पुसते. म्हणजे पेटी पुन्हा वापरता येते, पण जुना मजकूर परक्याच्या हाती लागत नाही. पुसल्यावर वाचून बघितले, सगळीकडे एफएफ. तेव्हा कोरी झाली म्हणायचे. दुसऱ्या पातळीचे कुलूप मात्र कोणी लावू नये. ते पुन्हा निघत नाही, डिबगची वाट कायमची बंद.

इथे माझी चूक झाली. पुसताना पेटी चालवणारा प्रोग्रॅमही जातो, हे ध्यानात न घेता मी रिकाम्या हाताने गेलो होतो. उत्पादकाकडून फाईल मिळेपर्यंत चार दिवस सभासदाने हाताने व्हॉल्व्ह फिरवले. बोलणी मी खाल्ली.

प्रोग्रॅम भरला, तरी जुना नंबर हजरच! तो शेजारच्या आठ पायांच्या ईईप्रॉम चिपमध्ये होता, आणि डिबगचा हुकूम तिथवर पोचतच नाही. ती वेगळी पुसली, नवा पासवर्ड घातला, पहिल्या पातळीचे कुलूप परत लावले, तेव्हा पेटी ताळ्यावर आली. पेटी विकणाऱ्यांनी सिमकार्डही आठवणीने काढून घ्यावे.

वजनकाट्याच्या इंडिकेटरवर हा प्रयोग कोणी करू नये. त्याला वैधमापन खात्याचे सील असते. आतले अंशांकन गेले तर काटा पुन्हा तपासून मुद्रांकित करून घ्यावा लागतो.