पाण्याखालचा ओहोळ

भिवपुरी रोडला उतरलो तेव्हा माझा समज होता, हा भाग आपल्या पायाखालचा आहे. पाली-भुतिवलीच्या धरणावर मी आधी दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा मे महिन्यात. या वेळी दसऱ्याआधीचा रविवार. तलाव तुडुंब, वर माथेरानची गारबटची सोंड हिरवीगार, आणि सोबत बहिणीचा सतरा वर्षांचा मुलगा. पोहता येतं म्हणाला. मीही “गुडघ्यापर्यंतच जा” असं बजावून डबा उघडायला बसलो.

तो खरंच गुडघ्यापर्यंतच होता. वीसेक पावलं गेला तरी पाणी तेवढंच. पुढच्या पावलाला डोकं दिसेनासं झालं.

जवळच एक ठाकर आजोबा गुरं राखत होते. मी बुटांसकट धावलो, तर त्यांनी मलाच ओरडून थांबवलं. खोल पाण्यात ते स्वतःही शिरले नाहीत. उथळ पाण्यातच उभं राहून लांब काठी पुढे केली. पोरगं दुसऱ्यांदा वर आलं तेव्हा टोक त्याच्या हाती लागलं.

“पोर उभं होतं ते शेत,” आजोबा म्हणाले. “पुढं बांध, बांधाखाली ओहोळ.”

लाज याची वाटली की तो बांध मी पाहिला होता. उन्हाळ्यात पाणी ओसरलेलं असताना त्याच्यावर बसून करवंदं खाल्ली होती! धरणाचा तलाव म्हणजे बुडवलेलं खोरं. खाली खाचरं, बांध, ओहोळ जागच्या जागी असतात. म्हणून पावसानंतर जायचं असेल, तर आधी एकदा उन्हाळ्यात जाऊन तलावाचं पोट बघून या. ते जमत नसेल तर वाडीत विचारा. आणि काठी, दोरी, निदान ओढणी सोबत ठेवा. बुडणाऱ्यामागे उडी टाकणाराही बुडतो. जून 2024 मध्ये खालापुरात सहलीला आलेले मुंबईचे चार विद्यार्थी असेच बुडाले.

नदीची गोष्ट वेगळी. पेज नदी भर उन्हाळ्यातही वाहते, कारण ठोकरवाडीच्या तलावाचं पाणी भिवपुरीच्या वीजघरातून तिच्यात उतरतं. (हे भिवपुरी निराळं, रेल्वेच्या भिवपुरी रोडपासून बरंच लांब. मीही एकदा चुकलोय.) वीजनिर्मिती वाढली की आभाळ कोरडं असूनही पाणी चढतं. इर्शाळगडाच्या पायथ्याचं मोरबे धरण नवी मुंबईला पिण्याचं पाणी पुरवतं, शार्लोट तलाव माथेरानला. तिथे डुंबायचा प्रश्नच नाही, लांबूनच बघा. पावसाळ्यात धबधबे-धरणांवर बंदीचे आदेश निघतात, तेही घरून निघण्याआधी तपासा.

पुढच्या मे महिन्यात भाच्याला घेऊन पुन्हा गेलो. तो कोरड्या ओहोळात उतरून उभा राहिला. बांधाची कड त्याच्या कपाळाशी येत होती.