सीटी, एमआरआय की ईईजी? मेंदूच्या तपासण्या समजून घेऊ या

वस्तीत गेलो की आम्हाला हमखास विचारतात, "ताई, सीटी काढू की एमआरआय? मोठी तपासणी कोणती?" माताभगिनींनो, बांधवांनो, महाग ती चांगली आणि स्वस्त ती कमी, असं तपासण्यांचं नसतं. डॉक्टरांना काय शोधायचं आहे, त्यावर तपासणी ठरते.

सीटी स्कॅन : यात एक्स-रेच्या साहाय्याने मेंदूच्या पातळ चकत्यांसारखी चित्रं संगणक तयार करतो. गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर 1971 साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. सीटीचा मोठा गुण म्हणजे वेग. काही मिनिटांत काम होतं. डोक्याला मार लागला, कवटी फुटली, आत ताजा रक्तस्राव झाला, तर ते लगेच दिसतं.

लकव्याच्या झटक्यात हाच वेग जीव वाचवतो. लकवा दोन कारणांनी होतो : रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. पण रक्तस्राव झालेला असताना तेच दिलं तर जिवावर बेतेल. म्हणून आधी सीटी काढून रक्तस्राव नाही याची खात्री करतात. तेव्हा "आम्हाला एमआरआयच पाहिजे" म्हणून वेळ घालवू नका.

सीटीच्या मर्यादाही आहेत. गुठळीमुळे झालेली इजा पहिल्या काही तासांत सीटीत दिसेलच असं नाही. मेंदूच्या मागच्या, खालच्या भागातलं बारीक चित्र नीट येत नाही. किरणोत्सर्ग होतो, म्हणून हौसेने वारंवार काढू नये. गरोदर असाल तर आधी सांगा.

एमआरआय : यात एक्स-रे नसतो. जोरदार लोहचुंबक आणि रेडिओलहरी वापरतात. लहान गाठ, ताजा लकवा, नसांवरची सूज, फिट येण्यामागचा मेंदूतला डाग हे सीटीपेक्षा स्पष्ट दिसतं. पण अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, यंत्राचा आवाज मोठा असतो आणि खर्चही जास्त. चुंबक कायम चालू असतो. म्हणून मंगळसूत्र, सेफ्टी पिना, केसांचे चाप, मोबाइल बाहेर ठेवा. छातीत पेसमेकर, डोक्यात क्लिप, डोळ्यात धातूचा कण असेल तर आत जाण्याआधीच सांगा. वेल्डिंग, ग्राइंडिंगचं काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

ईईजी : डोक्यावर तारा चिकटवून मेंदूतल्या विजेच्या लहरी नोंदवतात. शॉक देत नाहीत, त्यामुळे घाबरू नका. जर्मनीच्या हान्स बर्गर यांनी 1924 साली माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. सीटी-एमआरआय मेंदूची रचना दाखवतात. ईईजी त्याचं काम क्षणाक्षणाला दाखवतो. पण नेमकी जागा आणि गाठ तो दाखवू शकत नाही. फिट येणाऱ्याचा ईईजी दोन फिटांच्या मधल्या काळात नॉर्मलही येऊ शकतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून फिटच्या गोळ्या मनाने बंद करू नका. तपासणीला केस धुऊन, तेल न लावता जा.

पेट स्कॅन मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवतो. त्यासाठी किरणोत्सर्गी औषध टोचतात. ही महागडी तपासणी ठरावीक आजारांतच लागते.

एक गोष्ट मात्र यातली एकही तपासणी दाखवत नाही : मनाचं दुःख. उदासीचा आजार किंवा स्किझोफ्रेनिया स्कॅनवरून ठरवता येत नाही. रुग्णाशी बोलून, त्याचं वागणं पाहूनच डॉक्टर निदान करतात. म्हणून "स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे सूनबाई नाटक करते," असं कुणी म्हणू नये. आजार खरा असतो, उपचारही असतो.

घरात एवढं पाळा :

- तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच 108 ला फोन करा. सीटीची सोय असलेल्या रुग्णालयातच न्या. माणूस शेवटचा कधी बरा होता, ती वेळ लक्षात ठेवा. तोंडात पाणी, गोळी काही घालू नका.
- फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका. कुशीवर वळवा आणि वेळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठा.
- तातडी नसेल तेव्हा डॉक्टरांना विचारा : "यात काय शोधायचं आहे? रिपोर्टने उपचार बदलेल का? सरकारी रुग्णालयात होईल का?" असं विचारणं हा उद्धटपणा नाही, आपला हक्क आहे.
- जुन्या फिल्म आणि रिपोर्ट एका पिशवीत जपून ठेवा. तीच तपासणी पुन्हा करण्याचा खर्च वाचेल.