गोठ्याची तपासणी : चुना नंतर, वही आधी

प्रश्न : भूम तालुक्यात आमच्या दहा गाई आहेत. डेअरीवाले गोठा तपासायला येणार आहेत. तयारी काय करावी?

उत्तर : चुना मारायची घाई नको, आधी वही काढा. कोणत्या गाईला कोणतं औषध कधी दिलं, ते तारखेनिशी लिहा. कासदाहाच्या औषधानंतर वेष्टनावरचे दिवस भरेपर्यंत तिचं दूध डेअरीला घालू नका. खव्याच्या भट्टीलाही नको. आटवल्याने औषधाचा अंश जाईलच असं नाही. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक आणि लाळ्या-खुरकूत लसीची नोंद जुळवा. बुरशी लागलेली पेंड, कडबा आजच बाहेर काढा. त्या बुरशीचं विष दुधात उतरतं; दुधात हे विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन एम-1, किलोला 0.5 मायक्रोग्रॅमपर्यंतच चालतं. आणि मागच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनाने लिहू नका. तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.