बाई चांगल्या आहेत, तरीही

बालगृहातल्या बाई चांगल्या आहेत म्हणतेस, ऐकून बरं वाटलं गं. ताप आला की उशाशी बसतात, दहावीच्या पेपरला जाताना हातावर दहीसाखर ठेवतात. पण उद्या बाईंचंच काही खटकलं, तर ते सांगशील कुणाला? आपलं ताट, आपली सुट्टी, आपला फोन ज्यांच्या हातात, त्यांच्यापुढे जीभ अडखळतेच. म्हणून म्हणते, त्या संस्थेचं मीठ न खाल्लेलं, नुसतं तुझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस तुला पाहिजे.

२०१९ साली तू लहान होतीस. राजुऱ्याच्या एका खासगी शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाले होते. उघडकीला कसं आलं? मुली आजारी पडून दवाखान्यात गेल्या तेव्हा. पुढे पोलिसांनी धरलं ते वसतिगृहाच्या अधीक्षकालाच. आता सांग, त्या पोरींनी तक्रार न्यायची कुठे होती?

इंग्लंडात सरकारी देखभालीतल्या मुलाला तक्रार करायची असली, तर त्याच्या वतीनं बोलणारं माणूस मिळवून देणं २००२ च्या कायद्यानं तिथल्या स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केलं. आपल्याकडे असं नेमकं पद नाही. मात्र २०१५ चा बाल न्याय कायदा वाचलास तर हाताशी धरायला बरंच काही आहे.

सगळ्यात आधी बालकल्याण समिती. एक अध्यक्ष, चार सदस्य. तुझ्याबद्दल काहीही ठरवताना तुझं म्हणणं ऐकून घ्यायचं, हे त्या कायद्याचं तत्त्वच आहे. पण आपण करतो काय? समोर गेलो की ‘सगळं ठीक आहे’ म्हणून उठतो. तसं करू नको. आदल्या रात्री कागदावर मुद्दे लिहून काढ. बाई शेजारी बसल्या असतील तर सरळ म्हण, ‘मला एकटीला बोलायचंय.’ राग येईल त्यांना, येऊ दे. दोन दिवसांत उतरतो.

आणि तुझ्या खोलीतली ती भामरागडकडची पोर, घरी माडियाशिवाय काही न बोललेली. मराठीत काही विचारलं की ती मान हलवते. त्या मान हलवण्याला होकार समजून कुणी कागदावर लिहून घेऊ नये, एवढं तू बघ. दुभाषा मागायचा, आणि तो बालगृहातला कर्मचारी नको. पोक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, प्रकरणात तर दुभाष्याची तरतूदच आहे. शिवाय तिथे बालकल्याण समिती मुलीच्या संमतीनं एक सहायक व्यक्ती देऊ शकते, जबाबापासून कोर्टापर्यंत सोबत राहणारी. माझ्या मते आपल्या कायद्यातली ही सगळ्यात कामाची सोय, आणि नेमकी हीच कुणी मुलींना समजावून सांगत नाही. वकील लागला तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. चंद्रपूरला आहे, गडचिरोलीलाही आहे. मुलांना पैसा लागत नाही.

तुमच्याकडची सूचना पेटी कुठे टांगलीय गं? केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांप्रमाणे ती ऑफिसपासून लांब, मुलांच्या खोल्यांजवळ हवी. किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे, आणि दर आठवड्याला मुलांच्या बाल समितीसमोर उघडायची. पेटी ऑफिसच्या दाराशी असली नि कुलूप गंजलेलं असलं, तर पहिली तक्रार त्याचीच कर.

बाजूचं माणूस बालगृहातल्याच लेकरांना लागतं असंही नाही. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे जंगलात गेलेल्या आईला वाघानं मारलं, तर शासन २५ लाख देतं. त्यातलं लेकराच्या वाट्याचं किती आणि सांभाळणाऱ्यानं कुठे ठेवलं, हे विचारणार कोण? नातेवाइकाकडे राहणाऱ्या अशा लेकरासाठी बालसंगोपन योजनेचे महिन्याला २२५० रुपयेही असतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करावा लागतो. काहून नाही केला, असं कुणी खडसावून विचारल्याशिवाय तो होत नाही, बघ.

तुझे अठरा जवळ आलेत, म्हणून कागदांचंही सांगते. गोव्याच्या अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे एमपीएससीत याच कागदांपायी अडली होती. ती गप्प बसली नाही, थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली. २०१८ मध्ये महाराष्ट्रात अनाथांना एक टक्का आरक्षण मिळालं, त्यामागे तिची धडपड आहे. आई-वडील दोघंही नसतील, तर अनाथ प्रमाणपत्र बालगृहात असतानाच हातात घे. बाहेर पडल्यावर खेटे घालत बसावं लागतं. अठरानंतर एकवीसपर्यंत अनुरक्षणगृहाची सोय आहे, तीही लेखी माग. तोंडी मागितलेलं फायलीत येत नाही.

मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ नंबर तर पाठच असू दे. आणि समितीच्या पुढच्या बैठकीआधी तुझा अर्ज लिहून मला पाठव. शुद्धलेखन मी बघते, मजकूर मात्र तुझाच ठेव.