भातखाचरातील जीवाणूंचे सहपोषण : पापनाशम परिसराच्या संदर्भात

तंजावर आणि कुंभकोणम यांच्या दरम्यान वसलेले पापनाशम हे कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचे गाव. नायक राजवटीत बांधलेले विटांचे प्रचंड धान्यकोठार तिरुप्पालैत्तुरै येथील मंदिराच्या आवारात आजही उभे आहे. नायकांनंतर आलेल्या मराठ्यांच्या राजवटीचा आधारही १८५५ पर्यंत हेच भाताचे पीक होते. या भूमीच्या सुपीकतेचे श्रेय कावेरीच्या गाळाला आणि शेतकऱ्याच्या श्रमाला दिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु खाचरातील चिखलात, डोळ्यांना न दिसणारा असा आणखी एक श्रमिकवर्ग अखंड राबत असतो. तो कसा राबतो आणि त्याच्या श्रमाचे फळ कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

चिखलातील बदल

चिखलणी करून खाचरात पाणी उभे केले म्हणजे मातीतील प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. हवेतून नवा प्राणवायू पाण्याच्या थरातून फारच मंद गतीने खाली उतरतो. त्यामुळे वरचा काही मिलिमीटरांचा थर वगळता सर्व चिखल विनॉक्सी बनतो. मग जीवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी प्रथम नायट्रेट, त्यानंतर मँगॅनीज व लोह यांची संयुगे आणि शेवटी सल्फेट वापरतात. हा साठा सरत आला की मिथेन वायूची निर्मिती सुरू होते. खाचरात पाय घातल्यावर जे बुडबुडे वर येतात त्यांत हा वायू असतो.

मागील पिकाची धसकटे, पेंढा आणि मुळांतून पाझरणारी द्रव्ये हे या सृष्टीचे अन्न होय. मात्र पेंढ्यापासून मिथेनपर्यंतचा संपूर्ण प्रवास एकटा करू शकेल असा जीवाणू आढळत नाही. हे काम टप्प्याटप्प्याने चालते. पहिला गट सेल्युलोजचे विघटन करून साखर मोकळी करतो. दुसरा गट तिचे किण्वन करून अल्कोहोल, ब्युटिरिक व प्रोपिऑनिक अम्ले तयार करतो. तिसरा गट यांपासून ॲसिटिक अम्ल, हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड निर्माण करतो. चौथा गट मिथेनजनकांचा. हे जीव दिसण्यात जीवाणूंसारखे असले, तरी १९७७ पासून त्यांची गणना आर्किया या निराळ्या कुळात होते. सर्वसाधारणपणे दोन-तृतीयांश मिथेन ॲसिटिक अम्लापासून व उरलेला हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून तयार होतो. गोबरगॅसच्या टाकीतही याच प्रकारची साखळी काम करते.

हायड्रोजनची देवघेव

या साखळीत तिसऱ्या व चौथ्या गटांमधील दुवा सर्वांत महत्त्वाचा आहे. ब्युटिरिक अम्लाचे ॲसिटिक अम्लात रूपांतर करताना हायड्रोजन बाहेर पडतो. तो भोवती साचला तर या क्रियेतून ऊर्जा मिळणे बंद होते आणि तिसऱ्या गटातील जीवाणूची उपासमार होते. हायड्रोजनचा दाब वातावरणदाबाच्या दहाहजाराव्या अंशाच्या आसपास वा त्याखाली राहिला, तरच त्याचा उदरनिर्वाह चालतो. मिथेनजनक हा हायड्रोजन अन्न म्हणून सतत उचलतात व दाब आपोआप खाली ठेवतात. म्हणजे एकाचे उच्छिष्ट हे दुसऱ्याचे अन्न आहे. इतकेच नव्हे, तर दुसऱ्याने ते खाल्ले नाही तर पहिला जगूच शकत नाही. अशा परस्परावलंबी पोषणाला सहपोषण म्हणतात. यात परोपकाराची भावना कल्पिण्याचे कारण नाही. प्रत्येक जण आपले पोट भरतो आणि त्यातूनच दुसऱ्याचे जगणे शक्य होते.

हे नाते किती घट्ट असते, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. ‘मेथॅनोबॅसिलस ओमेलियान्स्की’ नावाचा जीव अल्कोहोलपासून मिथेन तयार करतो, असे बरीच वर्षे मानले जात होते. १९६७ साली ब्रायंट, वोलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, तो एक जीव नसून दोन भिन्न जीवांचा संवर्ध आहे. त्यांपैकी एक अल्कोहोलपासून हायड्रोजन निर्माण करी, तर दुसरा त्या हायड्रोजनपासून मिथेन. दुसऱ्याला अल्कोहोल पचत नसे. पहिल्याची वाढ साचलेल्या हायड्रोजनमुळे खुंटे. ज्याला एक व्यक्ती समजले गेले ते वस्तुतः एक कुटुंब होते!

शेतकऱ्यापुढील प्रश्न

तयार झालेला सर्वच मिथेन हवेत जात नाही. वरच्या प्राणवायुयुक्त थरात आणि मुळांभोवती मिथेनभक्षक जीवाणू असतात. ते त्याचा काही भाग वापरून टाकतात. उरलेला बहुतांश वायू भाताच्या रोपातील पोकळ ऊतींमधून वर निसटतो. शंभर वर्षांचा काळ विचारात घेता, मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट आहे. त्यामुळे खाचरातील हे सहजीवन आज जगाच्या चिंतेचा विषय बनले आहे.

त्यावर उपाय आहे. खाचर सतत भरलेले न ठेवता पाण्याची पातळी जमिनीखाली सुमारे १५ सेंटिमीटर उतरू द्यावी, मग पुन्हा पाणी द्यावे आणि फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी उभे ठेवावे. मातीत हवा शिरताच मिथेनजनकांचे काम थांबते व साखळी तुटते. या पद्धतीने मिथेनचे उत्सर्जन बरेच घटते व पाणीही वाचते. मात्र आलटून-पालटून भिजणाऱ्या व सुकणाऱ्या मातीत दुसरे जीवाणू नायट्रस ऑक्साइड अधिक प्रमाणात निर्माण करू शकतात. म्हणून नत्रखताची मात्रा व वेळ सांभाळावी लागते.

पापनाशम परिसरात खरी अडचण पाण्याच्या भरवशाची आहे. कुरुवै पीक मेत्तूर धरणाच्या पाण्याच्या आधाराने जूनच्या सुमारास उभे राहते. धरणात पुरेसा साठा असल्यास १२ जूनला पाणी सोडण्याचा प्रघात आहे. पण साठा दरवर्षी पुरेसा नसतो. कालव्याचे पुढचे पाणी केव्हा येईल याची खात्री नसलेला शेतकरी हाती असलेले पाणी खाचरातून कसे उतरू देईल? दुसरीकडे, सांबा पिकाच्या काळात ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मोसमी पाऊस कोसळतो. तेव्हा या सखल, सपाट प्रदेशातील खाचर सुकवणे मनुष्याच्या हाती राहत नाही.

सारांश, चिखलातील सहपोषण समजले म्हणजे त्यावर नियंत्रण ठेवण्याचा मार्गही समजतो. परंतु तो मार्ग खाचराच्या बांधापाशी संपत नाही. जीवाणूंच्या साखळीत प्रत्येक दुवा पुढच्या दुव्यावर अवलंबून असतो. त्याचप्रमाणे धरण, कालवा व खाचर यांचीही एक साखळी आहे. वरच्या दुव्याने पाण्याची वेळ पाळली, तरच खालच्या शेतकऱ्याला आपले खाचर निर्धास्तपणे सुकू देता येईल.