गेल्या वर्षाचे वाचन : न भेटलेली ओवी

वाचकहो, आषाढी झाली की वर्षाच्या वाचनाचा हिशेब मांडावा, अशी माझी जुनी सवय आहे. वाणी जसा दिवाळीला चोपडी उघडतो, तशी मी त्या दिवशी वाचनाची वही उघडतो. 2024 च्या आषाढीला वहीत तीन ग्रंथ लिहिले होते : ज्ञानेश्वरी, एकनाथी भागवत आणि विद्यारण्यांची पंचदशी. 2025 च्या आषाढीला पाहतो, तर पुढचे दोन तसेच राहिलेले. वर्षभरात वाचून झाला एकच ग्रंथ. आणि तोही ज्यावर मी चाळीस वर्षे बोलत आलो तोच! हे कसे घडले ते सांगतो. त्यात माझी फजिती आहे, पण ती झाकली तर सांगण्यासारखे काही उरत नाही.

2024 च्या श्रावणात एका गावी सप्ताह होता. कीर्तनात मी एक ओवी प्रमाण म्हणून घेतली. "माउली म्हणतात" असे म्हणून ही ओवी मी तीस वर्षे सांगत आलो. आमच्या टाळकऱ्यांनाही ती पाठ. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माळकरीण पाया पडायला आली. म्हणाली, "महाराज, ती ओवी कोणत्या अध्यायातली हो?"

मी ठोकून दिले, "तेराव्यात पाहा, माउली."

ती म्हणाली, "तेरावा तर परवाच झाला माझा. बारा वर्षं पारायण करते, पण ती मला कधी भेटली नाही."

बोलण्यात तक्रार नव्हती. आपलेच काही चुकत असेल, असा तिचा भाव. माझी मात्र झोप उडाली. बिऱ्हाडी आल्यावर तेरावा अध्याय चाळला. सकाळी पुन्हा चाळला. ओवी नाही. मग मनाशी ठरवले, की आता पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत, एकही न गाळता वाचायचे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे 9000. रोज 30 धरल्या तर 300 दिवस. पहाटे स्नान-संध्या आटोपली की तेवढेच वाचायचे.

पाठशाळेत आम्ही लघुकौमुदी क्रमाने शिकलो. पहिले सूत्र आल्याखेरीज गुरुजी दुसऱ्याला हात लावू देत नसत. पण ज्ञानेश्वरी मी तशी कधी वाचलीच नव्हती, हे या वर्षी ध्यानात आले. कीर्तनाचा अभंग ठरला, की त्याला जुळणारी ओवी शोधायची, ती उचलायची आणि ग्रंथ मिटायचा. बागेत जाऊन फुले तोडून आणावी, पण बाग कधी पाहूच नये, तसे झाले.

एक उदाहरण देतो. नवव्या अध्यायाच्या आरंभी माउली श्रोत्यांकडे अवधान मागतात आणि त्याचे फळ सर्व सुख आहे असे सांगतात. मंडपात गडबड झाली, की ती ओवी म्हणून मी लोकांना गप्प बसवत असे. पण लगेच दुसऱ्याच ओवीत माउली काय सांगतात? की हे मी मोठेपणाने बोलत नाही. तुम्ही सर्वज्ञ आहात, ही माझी सलगीची विनवणी आहे. पहिली ओवी मी शेकडो वेळा म्हटली असेल. दुसरी एकदाही नाही. पहिलीने श्रोते गप्प बसत. दुसरीने मी गप्प बसलो असतो, म्हणून ती सुटली असावी.

ज्येष्ठात अठरावा अध्याय संपला. पसायदान झाले, पुढे शके 1212 चा आणि लेखक सच्चिदानंदबाबांचा उल्लेख आला. ग्रंथ पुरा झाला. माझी ओवी कोठेच नाही. पाठभेद असेल, म्हणून राजवाडे यांनी 1909 साली छापलेली प्रतही एका स्नेह्याकडून आणून पाहिली. तिच्यातही नाही. शेवटी माळ्यावरची विद्यार्थिदशेतली वही काढली. तेथे ती सापडली! माउलींच्या एका ओवीखाली, माझ्याच अक्षरात. शिकवताना आमच्या गुरुजींनी अर्थ समजावा म्हणून स्वतः रचून सांगितलेली ती ओवी. मी लिहून घेतली आणि पुढे दोन्ही एकच समजलो. गुरुजींचा दोष नाही. खूण करायची राहिली ती माझी.

आता या चुकीचे वजन पाहा. पाठांतरात आणि नकलांत ज्ञानेश्वरीचा पाठ बिघडला, म्हणून नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ग्रंथ शुद्ध केला. आणि यात कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे शेवटी कडक शब्दांत बजावले. स्वतः एवढे समर्थ कवी, पण तेथे ते केवळ शोधक राहिले. मी तर त्यांच्या पंक्तीचे उष्टे उचलण्याच्याही योग्यतेचा नाही, आणि नेमके तेच करून बसलो.

म्हणून कीर्तनकार तरुणांना आणि घरी वाचणाऱ्या माउलींना तीन गोष्टी सुचवतो. एक, ओवी उतरून घेताना अध्याय, ओवीचा अंक आणि प्रत लिहावी; प्रतीप्रतींत अंक थोडे मागेपुढे होतात. दुसरी, जी ओवी सांगायची तिच्या मागच्या दहा आणि पुढच्या दहा वाचल्याखेरीज उभे राहू नये. तिसरी, शब्दांची खात्री नसेल तर "आशय असा आहे" म्हणावे. "माउली म्हणतात" म्हणू नये.

हिशेब आषाढीला मांडला, पण पुरा झाला तो 2025 च्या श्रावणात, त्याच गावी. निरूपणाआधीच मी उभ्या मंडपात सांगितले, की गेल्या वर्षी सांगितलेली ओवी माउलींची नव्हे, माझ्या गुरुजींची, चूक माझी. क्षणभर टाळ थांबले. मग विणेकऱ्याने "विठ्ठल विठ्ठल" म्हटले आणि कीर्तन पुढे चालले. नंतर ती म्हातारी आली. पदर सारखा करून म्हणाली, "बरं झालं महाराज. मी यंदा दोनदा धुंडाळली."

दोनदा! माझ्या एका शब्दावर तिने एवढे कष्ट केले. ते आठवले की आजही मान खाली जाते. असो. एकनाथी भागवताचे 31 अध्याय पुढे आहेत. कार्तिकीपासून ते पहिल्या ओवीपासून धरणार आहे. रामकृष्ण हरि.