जंतुसंसर्गात रक्तदाब का घसरतो?

आपल्यापैकी अनेकांकडे उन्हाळ्यात भारतातून आई-वडील येतात. त्यांच्या औषधांच्या डब्यात पुष्कळदा जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी असते. या गोळीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो, रक्तवाहिन्या सैलावतात आणि छातीतली कळ थांबते. हाच वायू आपले शरीर स्वतःही बनवते. या वायूच्या कार्याविषयीच्या शोधांसाठी फर्शगॉट, इग्नॅरो व मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र गंभीर जंतुसंसर्गात हाच वायू जिवावर बेतू शकतो.

रक्तवाहिनीला आतून एक नाजूक अस्तर असते व त्याबाहेर स्नायूंचा थर. एरवी अस्तरातील पेशी गरजेपुरता, अगदी थोडा वायू सोडतात. काही सेकंदांत तो नाहीसा होतो. घरातल्या फर्नेसला जसा थर्मोस्टॅट, तसे या कामावर कॅल्शियमचे नियंत्रण असते.

जंतूंचा शिरकाव झाला की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१, टीएनएफ असे रासायनिक निरोप धाडतात. यालाच आपण दाह म्हणतो. हे निरोप स्नायूंच्या थरापर्यंत पोचतात. तेथील पेशींत एरवी बंद असलेले एक जनुक जागे होते आणि काही तासांत एक नवे विकर तयार होते. हे विकर आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते, पण त्याला थर्मोस्टॅट नाही! एकदा तयार झाले की ते तासन् तास भरमसाट वायू बनवत राहते. स्नायू ढिले पडतात, वाहिन्या आकुंचित करणाऱ्या नॉरअ‍ॅड्रिनलिनलाही ते दाद देत नाहीत, आणि रक्तदाब कोसळतो. यालाच सेप्टिक शॉक म्हणतात.

मग हा वायूच बंद करावा का? तसे औषध १९९० च्या दशकात रुग्णांना देऊन पाहिले गेले. रक्तदाब वाढला, पण मृत्यूही वाढले, म्हणून १९९८ मध्ये ती चाचणी थांबवावी लागली. त्या औषधाने अस्तरातला उपयुक्त वायूही बंद होत होता. म्हणून आजही उपचार म्हणजे वेळेवर प्रतिजैविके, शिरेतून सलाइन आणि गरज पडल्यास नॉरअ‍ॅड्रिनलिन.

आपण काय करावे? लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया किंवा पायाची चिघळलेली जखम असताना पुढील लक्षणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता ९११ ला फोन करावा:

१. असंबद्ध बोलणे किंवा गुंगी
२. जलद श्वास
३. लघवी फार कमी होणे
४. रक्तदाब नेहमीपेक्षा बराच कमी होणे

वृद्धांना अशा वेळी ताप येतोच असे नाही. आजारपणात रक्तदाब कमी दिसला तर नेहमीची रक्तदाबाची गोळी देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. ऑन्टारियोत ८११ वर परिचारिकेचा सल्लाही मिळतो.

शेवटी खर्चाविषयी. पाहुण्यांना ओहिप लागू नसते. सुपर व्हिसासाठी किमान १ लाख डॉलरचा विमा लागतो, पण साध्या व्हिसावर येणाऱ्यांचाही विमा जरूर उतरवावा. पॉलिसीचा क्रमांक आणि औषधांची यादी फ्रिजवर लावून ठेवावी. बिलाच्या धास्तीने घालवलेले चार तास फार महाग पडू शकतात.